विषाणू सापडला, पण कुळ कोणतं?

डासांतले विषाणू शोधायचे, तर सुरुवात अशी होते: बर्फाच्या थाळीवर पन्नासेक डास निपचित पडलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिमट्यानं उचलायचा आणि तांदूळ निवडावेत तसे ते जातवार वेगळे करायचे: एडिस इकडे, क्युलेक्स तिकडे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी शक्यतो बाजूलाच ठेवायची. तिच्या पोटातला विषाणू तिचा स्वतःचा की तासाभरापूर्वी चावलेल्या बैलाचा, हे नंतर सांगणं कठीण. उरलेले एका जातीचे, एका जागचे डास एका नळीत घालून बारीक मण्यांबरोबर घुसळायचे आणि तो गढूळ रस अतिसूक्ष्म गाळणीतून गाळायचा. जिवाणू वर अडकतात, विषाणू खाली उतरतात.

पण विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. इथे गोष्ट पुण्यात येते. १९६७ साली पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत), के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांपासून बाटलीत वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्या. पुढे १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी त्यातूनच निवडलेला ‘सी६/३६’ हा वाण आज जगभरच्या विषाणू प्रयोगशाळांत नांदतो. साधारण २८ अंशांवर या पेशी खुशाल वाढतात. विषाणूला कापून काढणारं डासाचं एक प्रथिन त्यांच्यात बिघडलेलं आहे, म्हणजे राखणदारच झोपलेला. दारावर येईल त्या विषाणूला आत प्रवेश! शास्त्रज्ञाला हवं असतं तेही हेच.

या पेशींच्या घराण्यानं एक धक्का फार लवकर दिला. १९७५ मध्ये स्टोलर आणि थॉमस यांनी एडिस इजिप्टायच्या पेशींवरचा द्रव अल्बोपिक्टसच्या पेशींवर ओतला, तर त्या एकमेकींत मिसळून मोठमोठे गोळे झाले. कारण निघाला एक विषाणू. डेंगीचा भाऊबंद, पण सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढायलाच तयार नाही. फक्त डासापुरता! नाव पडलं ‘सेल फ्यूजिंग एजंट’. बरीच वर्षं ही प्रयोगशाळेतलीच गंमत वाटत होती. पुढे तोच विषाणू पोर्तो रिकोच्या रानटी डासांत सापडला, तेव्हा लोक सावरून बसले.

आयव्हरी कोस्टमधल्या ताई राष्ट्रीय उद्यानाची कथा मला त्याहून आवडते. २००४ मध्ये सांड्रा युंगलेन आणि सहकाऱ्यांनी तिथे घनदाट जंगलापासून शेतं आणि गावांपर्यंत टप्प्याटप्प्यानं डास पकडले. त्यातून सी६/३६ पेशींत वाढलेला एक विषाणू कोणत्याच कुळात बसेना. त्याला जवळच्या नदीचं नाव मिळालं: कावाली. जनुकीय मजकूर वाचल्यावर तो कोरोना विषाणूंच्या गणातला, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटातला, निघाला. तोवर या गणातला एकही विषाणू कीटकात सापडलेला नव्हता. कोरोनाचा आरएनए, म्हणजे हा जनुकीय मजकूर ज्यात लिहिलेला असतो तो रेणू, २६ ते ३२ हजार अक्षरांचा, गणातल्या लहान भावंडांचा १३ ते १६ हजारांचा, आणि हा साधारण २० हजारांचा. म्हणून नव्या कुळाला नाव दिलं मेसोनिव्हिरिडी. मेसो म्हणजे मधला. त्याच सुमारास व्हिएतनामच्या डासांतून नाम दिन्ह नावाचा विषाणू निघाला. मजकूर ताडून पाहिला तर दोघे इतके सारखे की वर्गीकरणात एकाच जातीत गेले. मधे दोन खंडांचं अंतर, तरीही.

ताईच्या त्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. कावाली घनदाट जंगलात विरळ होता, माणसानं मोडलेल्या जागांत भरपूर. पुढच्या अभ्यासांनी यामागचं साधं कारण दाखवलं: ज्या डासात विषाणू राहतो, तोच डास अशा जागी फोफावतो.

आता पेशींची वाट न पाहता रसातला सगळा आरएनए थेट वाचता येतो. २०१५ मध्ये चीनमधल्या एका गटानं सत्तर जातींचे डास, गोचिडी, कोळी वगैरे तपासून ११२ नवे विषाणू मांडले. यादी भराभर वाढते, आणि माझ्या मते खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते. सापडलेला तुकडा डासाचाच, की त्याच्या आतड्यातल्या बुरशीचा? की तो विषाणू नाहीच, कधीकाळी डासाच्या डीएनएत अडकून राहिलेला जुन्या विषाणूचा अवशेष? एडिसच्या जनुकसंचात असे अवशेष आहेत. त्यामुळे तुकडा पाहून हुरळून चालत नाही.

ओळख पटवण्याचा मुख्य आधार एक एन्झाइम आहे: आरएनएची नक्कल करणारं. हे आरएनए विषाणूंना जवळपास टाळता येत नाही, त्यामुळे त्याच्या मजकुरावरून वंशावळ मांडता येते. २०१७ पासून आयसीटीव्ही ही विषाणूंचं वर्गीकरण ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती, विषाणू बाटलीत वाढवून दाखवला नसला तरी पुरेशा मजकुरावर त्याला वर्गीकरणात जागा देते. जातीचं नावही आता दोन शब्दांचं. डेंगीची जात ‘ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस डेंगीआय’. रोजच्या वापरातली नावं मात्र जुन्या रीतीची, गावांवरून पडलेली. आपला उंब्रे विषाणू १९५५ चा, क्युलेक्स डासातला. नागपुरातल्या वस्तीवरून नाव पडलेला चांदीपुरा १९६५ चा, तापाच्या रुग्णांच्या रक्तातून निघालेला.

बँकॉकच्या फासी चारोएन भागावरून असाच एक विषाणू ओळखला जातो. पुढे एडिस इजिप्टायमध्ये ठिकठिकाणी जो सापडत गेला त्याला ‘फासी चारोएन-सारखा’ म्हटलं गेलं, आणि ते ‘सारखा’ नावाला कायमचं चिकटलं. माणसाला तो काही करत नाही. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हा आणि हुमाइता-तुबियाकांगा नावाचा दुसरा डास-विषाणू अंगात असलेल्या डासांत डेंगी आढळण्याची शक्यता जास्त असते, आणि डेंगी तिथे लवकर पसरतो.