रोजच्या जेवणातील कियान्ती : पार्श्वभूमी

इटलीच्या तोस्काना प्रांतातील साधी कियान्ती ही खिशाला परवडणारी, हलकी, किंचित आंबट आणि टोमॅटोच्या पास्त्याबरोबर उत्तम लागणारी रेड वाइन आहे. कियान्तीच्या मूळ, जुन्या मुलखातील ‘कियान्ती क्लासिको’शी तुलना करून तिला कमी लेखण्याची रीत पडली आहे, परंतु तिचा इतिहास पाहिला तर ही रीत अन्यायाची वाटते.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधील कियान्ती या डोंगराळ मुलखाची सीमा १७१६ मध्ये तोस्कानावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातील तिसऱ्या कोझिमोने जाहीरनामा काढून आखून दिली. वाइनमध्ये कोणती द्राक्षे असावीत, याचा विचार मात्र बऱ्याच काळानंतर बेत्तीनो रिकासोली यांनी केला. कावूर यांच्यानंतर एकीकृत इटलीचे पंतप्रधान झालेल्या रिकासोलींनी आपल्या ब्रोलियो येथील जमिनीवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्राने निष्कर्ष कळवले. सांजोवेजे या लाल द्राक्षामुळे वाइनला गंध आणि जोम येतो व कानायोलो या दुसऱ्या लाल द्राक्षामुळे तिचा कडकपणा कमी होतो, असे सांगून त्यांनी मालवाझिया या पांढऱ्या द्राक्षाबद्दल फार नेमके लिहिले : मुरवायच्या वाइनमध्ये ते जवळजवळ टाळावे, मात्र रोज प्यायच्या वाइनला ते हलकेपणा देते. म्हणजे रोजची वाइन आणि मुरवायची वाइन हा भेद रिकासोलींनी स्वतःच केला होता, आणि दोहोंना आपापली जागा दिली होती.

रोजच्या वाइनसाठी शेतकऱ्यांकडे आणखी एक जुनी युक्ती होती. सुगीच्या वेळी काही घड बाजूला काढून सुकवत आणि नव्या वाइनमध्ये मिसळत; त्यामुळे ती पुन्हा आंबू लागे, तिचा तुरटपणा मवाळ होई आणि ती लवकर पिण्याजोगी होई. ही वाइन ‘फियास्को’ या गोल बुडाच्या बाटलीत भरत, आणि बाटली उभी राहावी म्हणून तिच्याभोवती गवताचे वेष्टन विणत.

खरी गफलत कायद्याने केली. १९३२ मध्ये कियान्तीचे क्षेत्र दूरवर वाढवण्यात आले होतेच. १९६७ च्या नियमांनी भर घालून १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सर्वांनाच सक्तीची केली. रोजच्या वाइनचे सूत्र मुरवायच्या वाइनवरही लादले गेले, आणि पातळ कियान्तीने सगळ्या नावालाच बट्टा लागला. आन्तीनोरी या वाइन बनवणाऱ्या घराण्याने १९७० च्या दशकात आपल्या ‘तिन्यानेल्लो’ या वाइनमधून पांढरी द्राक्षे काढून टाकली, तेव्हा नियमाबाहेरची म्हणून ती उत्तम वाइन साधी टेबल वाइन या नावाने विकावी लागली.

१९८४ मध्ये ही सक्ती बरीच सैल झाली, १९९६ मध्ये क्लासिकोची नियमावली स्वतंत्र झाली आणि २००६ पासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदी आली. साध्या कियान्तीत किमान ७० टक्के सांजोवेजे बंधनकारक असली, तरी थोड्या पांढऱ्या द्राक्षांची मुभा कायम आहे, आणि सुगीनंतरच्या १ मार्चपासूनच ती बाजारात आणता येते.