पायोडर्मा गँग्रिनोसम (मुलांमधील)

त्वचेवर झपाट्याने वाढणारे, अतिशय दुखरे व्रण उठवणारा दुर्मीळ दाहक विकार. एकूण रुग्णांत मुलांचे प्रमाण सुमारे ४ टक्के असते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ लुई ब्रॉक यांनी १९१६ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले. आजचे नाव १९३० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दिले. नाव काहीही सुचवो, हा जंतुसंसर्ग नाही आणि गँग्रीनही नाही. न्यूट्रोफिल जातीच्या श्वेतपेशी जंतू नसतानाही त्वचेत गोळा होतात आणि तिथल्या ऊती नष्ट करतात. हा विकार एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

सुरुवात साध्या पुटकुळीने होते. कीटक चावला असावा असेच वाटते. एक-दोन दिवसांत ती फुटते आणि खड्डा पडतो. व्रणाची कड जांभळट, सुजलेली आणि आतून पोखरलेली असते, म्हणजे कडेखाली सळई सरकवता येते. तळाशी पू आणि मृत ऊती दिसतात. जखमेच्या आकाराशी न जुळणारी वेदना ही महत्त्वाची खूण. मोठ्यांप्रमाणेच मुलांतही व्रण बहुधा पायांवर येतात. मात्र मुलांमध्ये डोके व चेहरा, तर तान्ह्या बाळांत गुदद्वार, जननेंद्रिये आणि नितंब यांवरही ते आढळतात. तिथे ते लंगोटाचे पुरळ समजले जाण्याची शक्यता असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जखम कापून साफ करणे. ताप, वाढलेल्या श्वेतपेशी आणि पसरणारा व्रण पाहून ऊती कुजवणाऱ्या संसर्गाची शंका येते व शस्त्रक्रिया होते. पण २० ते ३० टक्के रुग्णांत त्वचेला इजा झाली की तिथेच रोग भडकतो (पॅथर्जी). कापल्यावर व्रण आणखी पसरतो, म्हणून पुन्हा कापले जाते.

निदान पक्के करणारी एकच अशी चाचणी नाही. व्रणाच्या कडेपासून चरबीच्या थरापर्यंत खोल तुकडा घेतात. त्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, दुसरा जिवाणू, बुरशी आणि क्षयाचे जंतू यांच्या संवर्धनाला जातो. पॅथर्जीच्या भीतीने बायॉप्सी टाळणे योग्य नव्हे, कारण संसर्ग नसल्याची खात्री न करता प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड सुरू करणे अधिक धोक्याचे. रक्तवाहिन्यांचा दाहही वगळावा लागतो.

अनेक मुलांत या व्रणामागे दुसरा आजार असतो. त्यांत आतड्याचे दाहक विकार, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन रोग, आघाडीवर आहेत. म्हणून शौचातून रक्त, पोटदुखी, वजन किंवा उंची न वाढणे यांची चौकशी करावी आणि विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारे प्रथिन) तपासावे. पोटाची तक्रार व्रणानंतरही सुरू होऊ शकते, त्यामुळे पहिली तपासणी निर्दोष आली तरी पाठपुरावा सोडू नये. रक्ताचा कर्करोग, संधिवात, जन्मजात प्रतिकारदोष आणि टाकायासू धमनीदाह (मोठ्या धमन्यांचा दाह) हेही सोबत आढळतात. लहानपणीच सांधे वारंवार सुजत असतील आणि पुढे तीव्र मुरुमे आली, तर पापा सिंड्रोम या आनुवंशिक दाहक विकाराचा विचार करावा. तो पीएसटीपीआयपी१ या जनुकातील दोषामुळे होतो.

उपचारात साधारणपणे प्रथम तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, रोज दर किलो वजनामागे १ ते २ मिलिग्रॅम. वेदना आधी उतरते, कडेचा जांभळा रंग फिका पडतो, मग जखम भरू लागते. डोस हळूहळू उतरवतात. घाईने बंद केल्यास रोग उलटतो. दीर्घकाळ स्टेरॉइड दिल्यास वाढ खुंटते, म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा, विशेषतः आतड्याचा विकार असल्यास, इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वापरतात. इन्फ्लिक्सिमॅबचे ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो डोस ०, २ आणि ६ व्या आठवड्यात शिरेतून देतात. त्याआधी क्षयाची तपासणी हवीच. या काळात जिवंत (क्षीण केलेले जंतू असलेल्या) लसी देत नाहीत. लहान व्रणाला तीव्र स्टेरॉइड मलम किंवा टॅक्रोलिमस पुरू शकते.

ड्रेसिंग न चिकटणारे आणि ओलावा राखणारे असावे. चिकटपट्टी ओढून काढल्याने निघालेली त्वचासुद्धा नव्या व्रणाला निमित्त ठरू शकते. भरलेल्या जागी चाळणीसारखा, पातळ त्वचेचा वण राहतो. विकार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून पुढे कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला या निदानाची आधीच कल्पना द्यावी.