खुलासा: ग्राफिक्स कार्ड दमदार असलं, की मॉनिटर कोणताही चालतो?

‘कार्ड भारी घ्या, गेम आपोआप स्मूद चालेल, मॉनिटरने काही फरक पडत नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण फ्रेम, म्हणजे गेमचं एकेक चित्र, तयार करतं ते कार्डच. पण दाखवतो मॉनिटर.

६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. कार्डाने सेकंदाला १५० फ्रेम दिल्या तरी ६० हर्ट्झवर चित्र ६० वेळाच बदलणार. जादा फ्रेममुळे माउसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो, हे खरं; पण व्ही-सिंक (कार्डाच्या फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद असेल तर दोन फ्रेमचे तुकडे एकाच चित्रात येतात आणि भराभर वळताना पडदा आडवा चिरल्यासारखा दिसतो.

पडताळा सोपा आहे. गेममध्ये एफपीएस काउंटर (सेकंदाला किती फ्रेम तयार होतात ते दाखवणारा आकडा) लावा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो हर्ट्झमधला आकडा, पाहा. १४४ चा मॉनिटर घेऊनही तिथे ६० च दिसणं फार कॉमन आहे! आकडा बदला आणि कर्सर गोल गोल फिरवा: त्याच्या सावल्या आता दाट, जवळजवळ दिसतील. १४४ चा पर्यायच नसेल तर जुनी केबल किंवा पोर्ट तपासा. डिस्प्लेपोर्ट वापरून बघा. केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच जोडलेली हवी.

उलटही होतं. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, तिथे कार्डच धापा टाकतं. अशा वेळी व्हेरिएबल रिफ्रेश रेट (मॉनिटरने कार्डाच्या वेगाशी स्वतःचा वेग जुळवून घेण्याची सोय) चालू करा आणि फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटच्या तीन-चार खाली ठेवा.