जुनो-१०६ : सहा काळ्या चिप आणि मालकांची दोन मतं

रोलँड कंपनीचा जुनो-१०६ हा सिंथसायझर (सिंथ) बाळगणाऱ्यांमध्ये आवाजावरून फारसं भांडण होत नाही. कोरस चालू केल्यावर पसरणारा पॅड (लांबवलेले मऊ सूर) आणि सब-ऑसिलेटरने (खालच्या सप्तकाचा सूर जोडणारा भाग) बेसला मिळणारं वजन, याबद्दल बहुतेकांचं एकमत असतं. मतं फुटतात ती झाकण उघडल्यावर. आतल्या बोर्डावर ओळीने उभ्या असलेल्या सहा काळ्या चिपचं करायचं काय, हा प्रश्न अनेक वर्षं चघळला जातो आहे आणि अजून मिटलेला नाही.

हा सिंथ आला १९८४ मध्ये. आदल्याच वर्षी मिडी (वाद्यं एकमेकांशी जोडण्याची पद्धत) आणि यामाहाचा डिजिटल सिंथ डीएक्स७ दोन्ही बाजारात आले होते आणि सगळ्यांचं लक्ष डिजिटलकडे वळलं होतं. १०६ ची जमेची बाजू म्हणजे मिडी, १२८ पॅच (साठवलेले आवाज) आणि जवळपास प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र स्लायडर. आधीच्या जुनो-६० वाले तेव्हापासून नाक मुरडत आले आहेत. १०६ मध्ये अर्पेजिएटर (दाबलेले सूर आपोआप एकेक वाजवणारी सोय) नाही आणि एन्व्हलप (सूर कसा चढतो-उतरतो त्याचा आकार) प्रोसेसर तयार करतो, ६० मध्ये त्यासाठी वेगळं सर्किट आहे. ही तक्रार रास्त आहे. डीसीओ हा १०६ मधला सूर निर्माण करणारा भाग; ‘डीसीओ म्हणजे डिजिटल’ ही तक्रार मात्र रास्त नाही. डिजिटल काउंटर फक्त लाट कधी परत शून्यावर आणायची ते ठरवतो. लाट तयार होते ती कपॅसिटर भरण्यातूनच. व्होल्टेजवर चालणाऱ्या व्हीसीओसारखा सूर सरकत नाही, हा गुण मानायचा की उणीव, ते ज्याने त्याने ठरवावं.

दशक संपता संपता बरेच जण डिजिटलकडे गेले. जुने सिंथ स्वस्त झाले आणि नव्वदीत हाऊस-टेक्नो करणाऱ्यांनी ते उचलले. चिपची कहाणी खऱ्या अर्थाने सुरू होते ती त्यानंतर, ही यंत्रं वीस वर्षांची व्हायला लागली तेव्हा.

लक्षण सगळीकडे सारखंच. वेगवेगळ्या पट्ट्या एकामागून एक दाबत गेलं की सहातला एक सूर गायब असतो, किंवा खरखरतो, किंवा हात उचलल्यावरही मागे कुजबुजत राहतो. काही वेळा हे यंत्र तापल्यावरच दिसतं, म्हणून विकत घेताना पाच मिनिटांच्या वादनावर विश्वास ठेवू नये. की ट्रान्सपोजचं बटण दाबून ठेवून सिंथ चालू केला की टेस्ट मोड येतो आणि पट्टी दाबली की कोणता व्हॉइस (एका वेळी एक सूर काढणारा भाग; १०६ मध्ये असे सहा) वाजतोय त्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो. सुरांना कान देत आकडे बघत जायचं, की आजारी व्हॉइस हाती लागतो. एकच व्हॉइस बिघडला असेल तर संशय ८००१७ए वर. फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) या एका चिपमध्ये बसवलेले आहेत, दर व्हॉइसला एक. दोन व्हॉइसचा वेव्हफॉर्म (लाटेचा आकार) एकदम बिघडला असेल तर एमसी५५३४ए बघायची, कारण ती एक चिप दोन व्हॉइस सांभाळते.

८००१७ए ही खरं तर एक छोटा बोर्डच आहे. त्यावर बारीक भाग बसवून वरून काळं रेझिन चढवलेलं आहे. जुनो-६० मध्ये जवळपास हेच फिल्टर सर्किट बोर्डावर उघडं आहे आणि तिथे हा रोग नाही. ते रेझिन वयोमानाने थोडं वीजवाहक होतं, नको तिथून करंट झिरपतो आणि व्हॉइस भरकटतो. म्हणजे आतलं सिलिकॉन बहुधा ठणठणीत असतं, बिघडतं ते वरचं आवरण.

वाद नेमका इथे पेटतो. एक गट म्हणतो, चिप सोला. म्हणजे डिसोल्डर करून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायची, रेझिन मऊ पडलं की हलक्या हाताने काढायचं, स्वच्छ करून परत लावायची. मूळ चिप टिकते, मूळ आवाजही. दुसरा गट म्हणतो, क्लोन, म्हणजे नव्याने बनवलेली तशीच चिप, लावा. सोलताना पाय मोडतात, रेझिनबरोबर एखादा तांदळाच्या कणीएवढा भाग निघून येतो, आणि इतकं करून जुनीच चिप परत गरम करायची. नव्या भागांचा क्लोन मिळत असताना हा धोका कशाला?

मला पहिल्यांचं म्हणणं अधिक पटतं. रोगाचं कारण रेझिन आहे हे कळल्यावर चांगलं सिलिकॉन फेकून देणं हा अपव्यय वाटतो. सोलूनही जी चिप उठत नाही, तिच्या जागी क्लोन जरूर लावावा. क्लोनचा रेझोनन्स वेगळा लागतो असं म्हणणारे मालक बरेच आहेत, पण त्यातल्या किती जणांनी चिप बदलल्यावर कॅलिब्रेशन केलं होतं, हे विचारायला हवं. प्रत्येक व्हॉइसचे फिल्टरचे ट्रिमर (जुळवणीसाठी फिरवायचे छोटे भाग) वेगळे असतात. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ते जुळवले नाहीत तर सहाही मूळ चिप असल्या तरी एक सूर उजळ आणि दुसरा मंद लागतो. चिपवर काढलेला राग कित्येकदा ट्रिमरवर काढायला हवा होता.

याहून अवघड प्रश्न वेळेचा आहे. एक चिप गेली की तेवढीच दुरुस्त करायची, की सहाही एकदम? ‘चालतंय तर हात लावू नका’ हे म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सहाही चिपवर तेच रेझिन आणि सारखंच वय आहे. दर वेळी झाकण उघडून त्याच बोर्डावर सोल्डरिंग करण्यापेक्षा एकदाच सगळ्या काढाव्यात, सॉकेट बसवावेत आणि सगळ्या सोलाव्यात, म्हणजे पुढे बोर्डाचे ट्रॅक उखडण्याचं भय राहत नाही. त्याच बैठकीत बोर्डाला सोल्डर केलेली मेमरीची बॅटरीही बदलावी. पॅच पुसले जातील, पण ते आधी टेप आउटमधून ध्वनीच्या रूपात उतरवून ठेवता येतात आणि परत भरता येतात.

दरम्यान मूळ कंपनीने २०१५ मध्ये याच आवाजाचा चार व्हॉइसचा छोटा डिजिटल अवतार काढला, आणि सॉफ्टवेअरमध्येही जुनोचा आवाज मिळतोच. ज्यांना फक्त तो पॅड हवा होता त्यांनी मोठं यंत्र विकलं. उरलेल्यांना बोटाखालचे स्लायडर हवे आहेत, आणि म्हणून ते दुरुस्तीवर वेळ घालतात. आता १०६ विकायला निघाला की चिप मूळ आहेत, सोललेल्या आहेत की क्लोन, हे आधी विचारलं जातं, आणि सोललेल्या म्हटल्यावर कोणी सोलल्या, हेही.