जवाहर नवोदय विद्यालय

जवाहर नवोदय विद्यालय : केंद्र सरकारची सहावी ते बारावीपर्यंतची निवासी शाळा. मुले आणि मुली एकत्र शिकतात, अभ्यासक्रम सीबीएसईचा असतो आणि प्रवेश केवळ निवड परीक्षेतून मिळतो. बोधवाक्य ‘प्रज्ञानं ब्रह्म’. महाराष्ट्राच्या गावांमध्ये तिला नुसते ‘नवोदय’ म्हणतात आणि प्रवेश मिळाला की ‘नवोदयला नंबर लागला’ असे सांगतात. निवड करून मुले घेणाऱ्या शाळा देशात पुष्कळ आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा 1961 पासून तेच करते. नवोदयचे वेगळेपण असे की येथे मूल साऱ्या देशाशी किंवा राज्याशी स्पर्धा करत नाही, फक्त आपल्या जिल्ह्याशी करते. या शाळेचे बहुतेक नियम, तिचे गुण आणि तिच्यावरचे आक्षेपही या एका गोष्टीतून निघतात.

राजीव गांधी पंतप्रधान आणि पी. व्ही. नरसिंह राव मनुष्यबळ विकास मंत्री असताना 1986 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना आईबापांच्या ऐपतीचा विचार न करता चांगले शिक्षण मिळावे, यासाठी जिल्ह्यागणिक एक आदर्श शाळा काढण्याची कल्पना त्यात होती. प्रत्यक्षात सुरुवात त्याआधीच, 1985-86 मध्ये, दोन प्रायोगिक शाळांनी झाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज या शाळांचा कारभार शिक्षण मंत्रालयाखालची नवोदय विद्यालय समिती ही स्वायत्त संस्था पाहते. तिचे मुख्यालय नोएडात आहे आणि आठ विभागीय कार्यालयांपैकी एक पुण्यात. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधल्या शाळा पुणे विभागात येतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2024 मध्ये आणखी 28 शाळांना मान्यता दिली, तेव्हा देशात 661 नवोदय मंजूर होत्या आणि त्यांपैकी 653 चालू होत्या. तमिळनाडूत एकही नाही, कारण हिंदीसह त्रिभाषा सूत्र त्या राज्याला मान्य नाही. मुंबईतही नाही, कारण तिथे ग्रामीण भागच उरलेला नाही. ठाण्याची गोष्ट मजेशीर आहे. जुन्या ठाणे जिल्ह्याची नवोदय पालघरजवळ माहीमला होती. 2014 मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाले, शाळा पालघरच्या वाट्याला गेली आणि ठाणे नवोदयविना राहिले. त्या 28 शाळांच्या यादीत महाराष्ट्रातून एकच नाव होते, ते ठाण्याचे.

नवोदय जिल्ह्याच्या ठिकाणी सापडेल असे समजून निघालेल्या पालकाची फसगत होते. राज्य सरकारने साधारण 30 एकर जागा विनामूल्य द्यायची असा नियम असल्याने शाळा गावाबाहेर, मोकळ्या रानात उभ्या राहिल्या. सांगलीची पलूसला, कोल्हापूरची कागलला, पुण्याची शिक्रापूरला, अहिल्यानगरची टाकळी ढोकेश्वरला, बीडची गढीला, सिंधुदुर्गची सांगेलीला. दक्षिण गोव्याची काणकोणात आहे. शिक्षकही आवारातच राहतात.

पात्रतेचे नियम नीट वाचावेत, कारण हुशार मुलांचेही अर्ज इथेच अडतात. मूल ज्या जिल्ह्याचे रहिवासी आहे त्याच जिल्ह्यात, सरकारमान्य शाळेत, त्या वर्षी पाचवीत शिकत असले पाहिजे. वयाची मर्यादा जन्मतारखेने ठरते आणि दरवर्षीच्या माहितीपत्रकात दिलेली असते. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून दुसऱ्यांदा बसण्याची सोय नाही. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. त्या काळात एक दिवस जरी नगरपालिका हद्दीतल्या शाळेच्या पटावर नाव असेल, तरी मूल शहरी धरले जाते. बदलीच्या नोकरीतले पालक आणि ‘जरा चांगली शाळा’ म्हणून मुलाला चौथीत तालुक्याला हलवणारे पालक इथे नकळत चुकतात. उरलेल्या जागा गुणवत्तेनुसार ग्रामीण आणि शहरी दोन्ही मुलांना खुल्या असतात.

एकूण जागांपैकी एक तृतीयांश मुलींसाठी आहेत. अनुसूचित जाती व जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आरक्षण असते, मात्र ते अनुक्रमे 15 आणि 7.5 टक्क्यांच्या खाली जात नाही. 2021-22 पासून केंद्रीय यादीतल्या इतर मागासवर्गीयांसाठी 27 टक्के जागा आहेत. ‘केंद्रीय यादीतल्या’ हे शब्द महत्त्वाचे. राज्याच्या यादीत जात आहे म्हणून दाखला चालेलच असे नाही. दिव्यांग मुलांसाठीही जागा राखीव असतात.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र लागते. परीक्षा सीबीएसई घेते आणि महाराष्ट्रात ती हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. ऊसतोड कामगारांचे घरच्या घर तेव्हा फडावर गेलेले असते. बीडसारख्या जिल्ह्यातल्या ज्या मुलांसाठी ही शाळा सर्वांत उपयोगी ठरावी, त्यांना नेमके त्याच दिवसांत गावात राहणे सर्वांत अवघड असते.

प्रश्नपत्रिका दोन तासांची, 80 प्रश्नांची आणि 100 गुणांची. ती मराठीतूनही सोडवता येते. निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला आहेत. हे 40 प्रश्न संपूर्ण आकृत्यांचे असतात आणि त्यांत सहसा एक शब्दही वाचावा लागत नाही. गटात न बसणारी आकृती ओळखणे, आरशातली प्रतिमा सांगणे, अर्धवट नक्षी पूर्ण करणे, गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला आकार शोधणे. कागदाची घडी घालून भोके पाडली तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, हाही एक ठरलेला प्रकार. ज्याच्या घरी पुस्तक नाही अशा मुलालाही हे प्रश्न सुटावेत, हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. उरलेल्यांत अंकगणिताचे 20 प्रश्न आणि भाषेचे 20. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून तिथे काही मिळत नाही, उतारा शांतपणे वाचावा लागतो. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात शहाणपण नाही. तरी मुले सोडतात, कारण उत्तरपत्रिकेवर पेनने गोल रंगवायचे असतात आणि दहा वर्षांच्या हाताला त्याची सवय नसते. घरी दोन-चार वेळा असे गोल रंगवून घेतले तर बराच फरक पडतो.

शिकवणीची गरज पडू नये म्हणून आखलेल्या या परीक्षेभोवती शिकवण्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. गावोगावी नवोदयचे क्लास आहेत, काही तर निवासी. चौथीतल्या मुलाला घरापासून दूर ठेवून निवासी शाळेची तयारी करून घेणे, हा प्रकार पाहिला की परीक्षेच्या मूळ कल्पनेची कीव येते. पण दुसरी बाजूही आहे. कित्येक जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी आणि बाई शाळा भरण्याआधी तासभर मुलांना बसवतात, पैसे न घेता. 2017 पासून काही वर्षे राज्याची शिष्यवृत्ती परीक्षाही पाचवीतच होती, तेव्हा दोन्हींची तयारी एकत्रच चाले. निकालानंतर चौकात फलक लागतो. त्यावर मुलाच्या फोटोशेजारी वर्गशिक्षकांचा फोटो असतो आणि तो असायलाच हवा.

स्पर्धा किती? दरवर्षी देशभरातून 20 लाखांहून अधिक अर्ज येतात आणि जागा साधारण 50 हजार. एका शाळेत सहावीला 80 मुले, म्हणजे 40-40 च्या दोन तुकड्या. या आकड्याकडे पाहून निवड न झालेल्या मुलाला ‘कमी पडलास’ म्हणणे अन्यायाचे आहे. एका आरक्षणगटातली शेवटची निवड आणि प्रतीक्षायादीतले पहिले नाव यांच्यात बहुधा एखाद्या प्रश्नाचे अंतर असते.

शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि पाठ्यपुस्तके मोफत असतात. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना 600 रुपये घेतात, पण सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुले यांना तो माफ आहे. पालक सरकारी नोकर असतील तर सहावीपासून निधी द्यावा लागतो आणि तो 1500 रुपयांपर्यंत असू शकतो.

शाळेतल्या दिवसाची सुरुवात अंधारात होते. पीटी, आंघोळीसाठी बादल्यांची रांग, नाश्ता, परिपाठ, वर्ग, दुपारचे जेवण, खेळ, संध्याकाळची हजेरी आणि रात्री पर्यवेक्षणाखालचा अभ्यास. मुलांची विभागणी अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी या चार सदनांत केलेली असते. प्रत्येक सदनाला एक सदनप्रमुख शिक्षक असतो आणि मुलाच्या तापापासून भांडणापर्यंत सगळे त्याच्याकडे येते. पालकांना भेटीचे दिवस ठरलेले असतात आणि मोबाइल जवळ ठेवता येत नाही. प्रवेशाच्या दिवशी लोखंडी पेटी, बादली, कुलूप आणि अंथरूण घेऊन आलेले आईवडील फाटकातून मागे वळून पाहत जातात, ते दृश्य सगळ्या नवोदयांत सारखेच. मुले पहिले दोन-तीन महिने रडतात. अर्ज भरताना घरात ज्या प्रश्नाची चर्चा व्हायला हवी तो गुणांचा नाही. अकराव्या वर्षी मूल घर सोडू शकेल का, आणि आई त्याला सोडू शकेल का, हे आधी ठरवावे. काही जण दिवाळीच्या सुट्टीला घरी जातात ते परत येतच नाहीत.

भाषेची व्यवस्था मराठी पालकांना सर्वांत कमी ठाऊक असते. सुरुवातीची वर्षे शिकवण्याचे माध्यम मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा असते. सातवी-आठवीनंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकवतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला हा बदल जड जातो, पण तो सगळ्या वर्गाला एकाच वेळी जड जातो आणि त्यामुळेच बहुधा पेलतो.

यापुढची पायरी स्थलांतराची. नववीत सुमारे 30 टक्के मुले एका वर्षासाठी जोडलेल्या दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवली जातात. हिंदी भाषक जिल्ह्यातली बिगरहिंदी जिल्ह्यात जातात आणि तिकडची इकडे येतात. हिंदी पट्ट्यातल्या ज्या नवोदयात महाराष्ट्रातली मुले जातात, तिथे तिसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याची योजना आहे. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहिण्यापेक्षा हा उपाय कितीतरी खरा आहे. पुरणपोळी कशाशी खातात हे हिंदी मुलखातल्या मुलाला समजावून सांगताना जे घडते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही. पालकांच्या दृष्टीने मात्र हे वर्ष अवघड. भेटी जवळजवळ थांबतात.

दहावी-बारावीच्या सीबीएसई निकालांत नवोदय शाळा वर्षानुवर्षे वरच्या स्थानावर आहेत. मुले आधीच निवडलेली असल्याने यात फार नवल नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी काही स्वयंसेवी संस्था नवोदयच्या मुलांना मोफत शिकवतात. त्यांपैकी दक्षणा प्रतिष्ठानचे निवासी केंद्र खेड तालुक्यात कडूस येथे आहे. अकरावीला कोणत्या शाखा मिळतील हे शाळेनुसार बदलते. सगळीकडे कला आणि वाणिज्य असतेच असे नाही, तेव्हा चौकशी आधीच करावी.

शाळेची काळी बाजू झाकण्यात अर्थ नाही. 2013 ते 2017 या पाच वर्षांत नवोदय शाळांत 49 मुलांनी आत्महत्या केल्याचे 2018 मध्ये उघड झाले. त्यांत दलित आणि आदिवासी मुलांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची दखल घेतली आणि समुपदेशकांचा प्रश्न ऐरणीवर आला. शाळा पाहायला जाल तेव्हा निकालाचा फलक वाचून झाला की समुपदेशक पूर्णवेळ आहेत का आणि रात्री वसतिगृहात मोठे माणूस कोण असते, हे नक्की विचारावे. दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. गावच्या शाळेतले सर्वांत चुणचुणीत मूल उचलून नेले की त्या वर्गाचे काय होते? इतर शाळांना वाट दाखवणारी शाळा म्हणून नवोदय उभी केली गेली, पण शेजारच्या माध्यमिक शाळेने तिच्याकडून काही उचलले असे क्वचित दिसते.

सहावीला निवड न झालेल्या मुलांसाठी नववी आणि अकरावीला रिकाम्या जागांवर प्रवेश असतो. नववीची परीक्षा आठवीत शिकत असताना द्यायची असते आणि तिच्यात इंग्रजी, हिंदी, गणित व विज्ञान हे विषय असतात. जागा थोड्या असतात, कधी एखाद्या शाळेत अगदी बोटावर मोजण्याइतक्या. सहावीच्या यादीतले मूल रुजू झाले नाही तर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला बोलावतात. निकालानंतर काही आठवडे फोन चालू ठेवावा आणि अर्जात दिलेला क्रमांक बदलू नये.