ब्लडरूट

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडी जंगलांत वाढणारी ही पांढऱ्या फुलांची बहुवर्षायू लहान वनस्पती अफूच्या कुलातील आहे. शास्त्रीय नाव सँग्विनॅरिया कॅनडेन्सिस. सँग्विनॅरिया प्रजातीत एवढी एकच जाती आहे. कॅनडातील नोव्हा स्कॉशियापासून दक्षिणेस फ्लोरिडापर्यंत ती आढळते. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधी, मार्च ते मे या काळात ती फुलते.

याच दिवसांत त्या जंगलांत इतरही कितीतरी वनस्पतींना पांढरी फुले येतात, त्यामुळे रंगावर विसंबता येत नाही. शिवाय फूल अल्पायुषी: रात्री मिटते, आणि परागण झाले की पाकळ्या लगेच झडतात. पान मात्र भर उन्हाळ्यापर्यंत टिकते. म्हणून ओळख पटवायची ती आधी पानावरून. कळी जमिनीतून वर येते तेव्हा एकच पान तिच्या देठाभोवती शालीसारखे लपेटलेले असते. फूल उमलल्यावर ते सावकाश पसरते. पूर्ण वाढलेले पान गोलसर, बहुधा ५ ते ९ खंडांचे असून त्याची खालची बाजू फिकट आणि शिरा ठळक असतात. प्रत्येक देठावर एकच फूल, पाकळ्या सहसा ८ ते १२, मध्ये पिवळे पुंकेसर. संदले (कळी झाकणारी बाहेरची दले) दोनच, तीही फूल उमलताना गळतात.

सर्वांत जास्त गफलत होते ती ट्विनलीफ या रानवनस्पतीशी. त्याच्याही पांढऱ्या पाकळ्या आठ असतात. पण त्याचे पान मधोमध दुभंगून दोन सारखे भाग झालेले असते आणि फळ वरचे झाकण उघडून फुटते. ब्लडरूटचे बोंड लांबट, दोन्ही टोकांना निमुळते असते. ट्रिलियम या दुसऱ्या रानफुलाला पाकळ्या तीनच, तेव्हा तिथे शंकेला जागा नाही.

शेवटची खूण रसाची. मूलक्षोड (जमिनीखालचे आडवे खोड) कापल्यास तांबडा-नारिंगी रस पाझरतो. मूळ रहिवासी जमाती तो रंगासाठी वापरत. त्यातील सँग्विनॅरीन हे अल्कलॉइड विषारी आहे आणि रस त्वचेवरील पेशी मारतो, म्हणून घरगुती औषध म्हणून तो लावणे धोक्याचे. ओळखीसाठी मूलक्षोड उकरण्याची मुळीच गरज नाही. पानाच्या देठातही रंगीत रस असतो, आणि बहुतेक वेळा पान नीट पाहिले तर तेवढेही लागत नाही.

बियांना चिकटलेल्या मांसल, तेलकट भागासाठी मुंग्या त्या वारुळात नेतात आणि तो भाग खाऊन बी तिथेच टाकतात. मूलक्षोडही जमिनीत फांद्या फोडत पसरते, त्यामुळे ही फुले बहुधा ताटव्यांनी दिसतात.