खाच गेलेला स्क्रू आणि आटे धरलेला स्क्रू

इंजिनाचा स्क्रू हट्टाला पेटला की आपण 'निघत नाही' म्हणतो आणि जोर लावतो. पण न निघण्याची दुखणी दोन आहेत. एकात डोक्यावरची खाच झिजलेली असते, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरला पकडच मिळत नाही. दुसऱ्यात खाच धड असते, आत आटे जाम झालेले असतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पाच मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस लागतो.

ओळख हाताला पटते. आधी खाचेत थिजलेलं तेल आणि माती टोकदार सुईने उकरून काढा. हे न करताच 'खाच गेली' म्हणणारे पुष्कळ आहेत. मग ड्रायव्हर सरळ धरून, अंगाचा भार देऊन हळूहळू फिरवा. टोक वर चढून बाहेर निसटलं आणि कडांवर नवी चकाकी दिसली, तर दुखणं खाचेचं. टोक घट्ट बसलंय, मनगटाला कळ लागतेय आणि स्क्रू ढिम्म आहे, तर दुखणं आट्यांचं. डोकं रबरासारखं थोडं वळून परत मागे येत असेल तर तिथेच थांबा, कारण दांडा पिळवटतोय आणि पुढच्या झटक्याला तुटेल.

खाच बहुतेक वेळा चुकीच्या टोकामुळे जाते. फुलीची खाच दिसली की आपण फिलिप्स ड्रायव्हर उचलतो. पण जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवर आणि इंजिनावर बऱ्याचदा जेआयएस म्हणजे जपानी मानकाची फुली असते, आणि अनेकदा तिच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक या खाचेत पूर्ण तळाशी बसत नाही, वरच्यावर अडकतं आणि कडा खातं. उलट जेआयएसचं टोक फिलिप्सच्या खाचेत बऱ्यापैकी चालतं. म्हणून एकच चांगला ड्रायव्हर घ्यायचा असेल तर मी जेआयएस घेण्याचा सल्ला देईन.

खाच थोडीच झिजली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावा. तिच्यातली रेव पकड देते. पुढची पायरी म्हणजे हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो एकाच ठोक्यात टोक आत दाबतो आणि फिरवतो. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या झाकणावर तो उत्तम चालतो, पण कार्बोरेटरच्या ठिसूळ ओतीव अंगावर चुकूनही मारू नका.

आटे धरतात त्याचं कारण वेगळं. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या अंगात बसलेला असतो. ओल शिरली की दोन धातूंमध्ये गंजण्याची क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियमचा पांढरा भुकटीसारखा थर आट्यांमध्ये फुगून बसतो. इथे जोर कामाचा नाही, वेळ आणि उष्णता कामाची. पेनिट्रेटिंग ऑइल म्हणजे बारीक फटीत झिरपणारं तेल सोडा, डोक्यावर हलके ठोके द्या आणि रात्रभर ठेवा. मग स्क्रूभोवतालचं अंग तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. आधी किंचित आवळा, मग सोडवा, परत आवळा. 'कर्र' आवाज आला की समजा सुटला. तापवण्याआधी पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर काढून दूर ठेवा, सांडलेलं पेट्रोल आणि तेल पुसून घ्या. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर तापवूच नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो.

एक चूक मी स्वतः केली आहे. आटे जाम असलेल्या स्क्रूची खाचही जोराने गेली, म्हणून मी त्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अडकलेला स्क्रू आतून धरून बाहेर काढायचं हत्यार, घातला. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. तो आतच मोडला, आणि नेहमीचं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरत राहिलं. एक्स्ट्रॅक्टर पकड देतो, आटे सोडवत नाही. आटे जाम असतील तर आधी उष्णता, मग एक्स्ट्रॅक्टर.

दोन्ही दुखणी एकाच स्क्रूला झाली असतील तर डोकंच उडवा. एम६ म्हणजे ६ मिमी दांड्याचा स्क्रू असेल तर ६ मिमीचं ड्रिल खाचेच्या बरोबर मध्यावर धरून डोक्याच्या जाडीइतकंच आत जाऊ द्या. डोकं सुटून ड्रिलवर फिरायला लागतं. झाकण उचललं की दांड्याचा थोडा भाग वर उरतो आणि त्याच्यावरचा ताणही संपलेला असतो. तेल टाकून, तापवून व्हाइस ग्रिपने, म्हणजे आवळून अडकून राहणाऱ्या पकडीने धरला की बऱ्याचदा तो सहज फिरतो. नवा स्क्रू बसवताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे पुन्हा धरू नयेत म्हणून लावायची वंगणाची पेस्ट, लावा आणि एरवीपेक्षा थोडा कमी आवळा, कारण वंगण लावलेला स्क्रू तेवढ्याच जोरात जास्त ताणला जातो.